मॉरिस मायनर १००० (१९६०, ९४८ सीसी): पंधरा वर्षं उभी आहे, घरीच उठवायची, हात कुठून घालू?

फोंडा_९४८ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. चवथ आटोपली, पाऊसही सरत आला, म्हणून गाडीवरची ताडपत्री काढली. गाडी मॉरिस मायनर १०००, चार दारांची, ९४८ सीसी. शेड चिऱ्याच्या भिंतींची, वर कौलं, खाली नुसती माती. आजची परिस्थिती अशी:

इंजिन जाम. पुढून हँडल लावलं तर पाव फेराही मिळत नाही. रेडिएटर कोरडा, ऑइल काळं पण पातळीत.

ब्रेकचं पेडल थेट तळाला जातं. मागचं डावं चाक धरून बसलंय.

ड्रायव्हरच्या पायाखालून माती दिसते. दाराखालचे पट्टे बाहेरून बरे दिसतात, पण बोटाने दाबले की कुरकुरतात.

वायरिंग कापडी वेष्टनाचं, अर्धं उंदरांनी खाल्लेलं. बॅटरी नाही.

जुनं आरसी बुक आहे, नूतनीकरण कधीच संपलंय.

गावातल्या गॅरेजवाल्याचं म्हणणं असं: दिवाळीपर्यंत रंग मारून घ्या, तळाला फायबरची शीट चिकटवू, इंजिन मग बघू, किंगपिनला (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खुंटी) ग्रीस मारलं की झालं. मला क्रम उलटा वाटतोय, पण खात्री नाही. माझ्याकडे मेट्रिक पान्यांचा सेट, दोन टनी जॅक, फीलर गेज आणि भाड्याने मिळणारं मिग वेल्डिंग मशीन आहे. सुरुवात कुठून करू? आणि इंजिन न उघडता सुटेल का?

अर्धा_इंची

क्रम उलटाच आहे. रंग शेवटी. आधी गाडी उभी राहील का, मग थांबेल का, मग वळेल का, आणि त्यानंतर चालेल का, ते बघायचं. इंजिन सगळ्यांना आधी हवं असतं, कारण आवाज आला की बरं वाटतं. पण चालू इंजिनाची, ब्रेक नसलेली मायनर शेडच्या बाहेर आणायचा मोह आवरत नाही. घात तिथेच होतो.

पहिली खरेदी पान्यांची. मेट्रिक सेट बाजूला ठेवा. या गाडीचे नट-बोल्ट इंची आहेत, पाने लागतात ७/१६, १/२, ९/१६ आणि ५/८ चे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. त्यावर १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो आणि गंजलेल्या नटाचे कोपरे गोल करून टाकतो. शक्यतो सहा कोनी सॉकेट घ्या, बारा कोनी नको.

दुसरी खरेदी चार जॅक स्टँड. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही. तुमची जमीन मातीची आहे, तर प्रत्येक स्टँडखाली फूटभर लांब-रुंद, १८ मिमी जाडीचा प्लायवूडचा तुकडा घाला. पावसाळ्यानंतर चार-सहा आठवडे ती माती आतून ओलीच असते, स्टँड तिरका होऊन बसतो.

इंजिन उघडायची घाई नको. बहुतेक वेळा पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजाने धरलेल्या असतात, बाकी काही तुटलेलं नसतं.

चारही प्लग काढा. टॅपेट कव्हर काढा आणि आठही टॅपेटचे अ‍ॅडजस्टिंग स्क्रू पूर्ण सैल करा. एखादा वॉल्व्ह गाइडमध्ये अडकला असेल आणि तुम्ही हँडल मारलंत तर पुशरॉड वाकतो. स्क्रू सैल असतील तर वाकत नाही. रॉकर शाफ्ट मात्र काढू नका. या इंजिनात रॉकरचे काही नट हेडच्याच स्टडवर आहेत, ते सुटले की हेड गॅस्केटचा दाब जातो.

मग डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) अर्धं-अर्धं मिसळून प्रत्येक सिलिंडरमध्ये २० मिली सोडा. रोज संध्याकाळी बघा, झिरपलं असेल तर पुन्हा भरा. आठ-दहा दिवस हे चालू द्या. त्यानंतर हँडल लावून मागे-पुढे हलकेच डुलवा. हँडलला लांब पाइप लावून जोर करायचा नाही, सेल तर मुळीच मारायचा नाही. एक मिलिमीटर हललं तरी पुरे. तिथून पुढे ते सुटतंच.

सुटल्यावर जुनं ऑइल गरम करता येत नाही, म्हणून दोन दिवस ड्रेन प्लग उघडा ठेवून निथळू द्या. फिल्टर बदला. फिल्टरसकट ३.७ लिटर लागतं, २०डब्ल्यू-५० मिनरल. सिंथेटिकचा हट्ट धरू नका, जुन्या सीलमधून गळेल. प्लग न लावता हँडलने शंभरेक फेरे द्या, म्हणजे बेअरिंगपर्यंत ऑइल पोचतं. त्यानंतर टॅपेट लावा: थंड इंजिनावर ०.३० मिमी, म्हणजे १२ थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), इन्लेट-एक्झॉस्ट दोन्हींना सारखंच. कुठला टॅपेट कधी लावायचा याचं गणित नऊचं आहे. पहिला वॉल्व्ह पूर्ण उघडा असताना आठवा लावायचा, दुसरा उघडा असताना सातवा, तिसऱ्याला सहावा. बेरीज नेहमी नऊ.

आणखी एक, कारण आपल्याकडची गॅरेजं इथे हमखास चुकतात. मायनरच्या गिअरबॉक्समध्ये ९० नंबरचं ऑइल घालत नाहीत. तिथे इंजिन ऑइलच लागतं, सुमारे १.३ लिटर. ९० नंबरचं ईपी ऑइल मागच्या डिफरन्शियलमध्ये, ०.८५ लिटर. उलटं झालं तर गिअर जड पडतात आणि सिंक्रोच्या पितळी रिंगा खराब होतात.

पत्रेवाला_म्हापसा

तळाला फायबरची शीट? देवा रे.

फोंडेकर, ही गाडी जीपसारखी वेगळ्या चॅसिसवर बसवलेली नाही. मायनरचं बॉडीकाम हीच तिची चॅसिस. दाराखालचे पट्टे, फ्लोअरच्या कडा, मधला आडवा क्रॉसमेंबर आणि पुढचे दोन चॅसिस लेग मिळून गाडी ताठ राहते. फायबर गंज झाकतं, ताकद देत नाही, आणि वर ओल आत कोंडून ठेवतं. दोन पावसाळे गेले की फायबर शाबूत राहील आणि पत्रा भुगा झालेला असेल.

आधी तपासणी. बोथट स्क्रूड्रायव्हर आणि छोटी हातोडी घ्या, गाडी स्टँडवर, कार्पेट बाहेर. जागा या क्रमाने बघा: मधला क्रॉसमेंबर, विशेषतः दोन्ही टोकं, कारण पुढच्या सस्पेन्शनचे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या कांबी) मागे याच क्रॉसमेंबरला अडकलेले आहेत. मग दाराखालचे खोके. मग मागच्या पाट्यांचे पुढचे हँगर. मग बोनेटखाली दोन्ही बाजूंचे आतले पत्रे, आणि शेवटी मडगार्ड. मडगार्ड बोल्टने बसतात, त्यांची काळजी शेवटी. हातोडीचा आवाज ऐका. चांगला पत्रा टणकन वाजतो, गंजलेला ओल्या पुठ्ठ्यासारखा थप्प. स्क्रूड्रायव्हर आरपार गेला तर घाबरू नका, तिथे खडूने गोल करा. सगळे गोल झाल्यावर एकदम फोटो काढा. पुढे आरटीओच्या कामालाही ते लागतील.

दाराखालच्या पट्ट्याला बाहेरून नुसतं ठिगळ लावायची चूक होते. तो एकच पत्रा नाही, बाहेरचा, मधला उभा आणि आतला असे तीन थर आहेत. बाहेरचा कुरकुरतोय म्हणजे मधला बहुतेक शिल्लकच नाही. कापायच्या आधी:

दारं बसलेली असताना दाराभोवतीची फट चारी बाजूंनी मोजून लिहून ठेवा. दारं काढा. दाराच्या चौकटीत २५ मिमी चौकोनी पाइप आडवा आणि तिरका, असे दोन, टाक्यांनी वेल्ड करा. गाडीचा भार मधल्या पत्र्यावर नाही, मागे अ‍ॅक्सलखाली आणि पुढे सस्पेन्शनखाली घ्या. एका वेळी एकच बाजू कापा. ती पूर्ण होऊन दार पुन्हा लावून फट जुळल्याशिवाय दुसऱ्या बाजूला ग्राइंडर लावायचा नाही. दोन्ही बाजू एकदम उघडल्या की गाडी मधोमध वाकते आणि मग दारं जन्मात नीट लागत नाहीत.

क्रॉसमेंबर कापायची वेळ आली तर टॉर्शन बारचा ताण आधी उतरवा. तो ताणलेल्या स्प्रिंगसारखाच असतो, सुटला तर हाड मोडतं.

पत्रा सीआरसी (कोल्ड रोल्ड) घ्या. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) नको, जस्ताचा धूर छातीत जातो आणि वेल्डला छिद्रं पडतात. फ्लोअर आणि बाहेरच्या पट्ट्यांना १८ गेज म्हणजे १.२ मिमी, चॅसिस लेगला १६ गेज, क्रॉसमेंबरला १४. मिगला ०.८ मिमीची तार. जिथे मूळचे स्पॉट वेल्ड होते तिथे नव्या पत्र्याला ६ मिमीची भोकं पाडून ती वेल्डने भरा. सलग रेघ ओढू नका. इंचभर टाका, हात लावण्याइतकं थंड होऊ द्या, मग दुसऱ्या टोकाला इंचभर. गॅस वेल्डिंगवाला 'मी करतो' म्हणेल, त्याला चहा पाजून परत पाठवा. त्याच्या उष्णतेने फ्लोअरला पोटं येतात. पेट्रोलची टाकी आधी काढून शेडच्या बाहेर, हे लिहायची गरज नसावी, पण लिहितो.

आता गोव्यातली खरी अडचण. उघडा केलेला पत्रा इथे एका रात्रीत तांबूस होतो, ऑक्टोबरातही. त्यामुळे जेवढं त्याच दिवशी प्रायमरखाली जाईल तेवढंच घासायचं. बाजारातला साधा रेड ऑक्साइड पाणी शोषतो, तो एकटा उपयोगाचा नाही. टू-पॅक एपॉक्सी प्रायमरचे दोन हात द्या. गंजावर फॉस्फोरिक अ‍ॅसिडचं औषध लावलंत तर ते नीट पुसून, सुकवून मगच प्रायमर. पांढरी पूड राहिली की वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो.

रंग दिवाळीला नको. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असताना कुठलाच रंग मारायचा नाही, आणि पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त हवं. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग दमट हवेत मारला की वर दुधाळ झाक येते, कारण थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. डिसेंबर ते फेब्रुवारी, सकाळी दहानंतर आणि दुपारी तीनच्या आत. पहाटेचं दव पूर्ण उडालेलं असतं.

एसयू_टिकटिक

पेट्रोलच्या बाजूबद्दल कोणी बोललं नाही म्हणून.

पंधरा वर्षांपूर्वीचं पेट्रोल आता वार्निश झालंय. टाकी काढा, गेजचा फ्लोट बाहेर घ्या, मूठभर ८ मिमी नट आणि लिटरभर डिझेल आत घालून खळखळवा, पाच-सहा वेळा. मग सायट्रिक अ‍ॅसिडचं १० टक्के द्रावण, म्हणजे दहा लिटर पाण्याला एक किलो, २४ तास. नंतर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, कडक उन्हात सुकवा आणि लगेच पातळ ऑइलचा हात फिरवा. सुकवून तशीच ठेवलीत तर दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल.

आता पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या फुगवतं, आतून त्यांचे कण सुटतात, ते कार्ब्युरेटरच्या फ्लोट नीडलमध्ये जाऊन बसतात आणि पेट्रोल वाहू लागतं. नळ्या सगळ्या बदला, 'आर-९' छापलेल्याच घ्या. नीडल व्हायटॉन टोकाची, एसयू बनावटीच्या पेट्रोल पंपाचा पडदा इथेनॉल चालणारा. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात अर्धी टाकी ठेवून गाडी उभी केलीत तर पाणी तळाशी वेगळं होतं आणि टाकी आतून कुजते. म्हणून जूनमध्ये टाकी एक तर रिकामी करून सुकवायची, नाहीतर काठोकाठ भरून दर पंधरवड्याला इंजिन चालवायचं. मधलं काही नाही.

बोनेटखालचा एसयू पंप विजेवर चालतो आणि तो कानानेच तपासायचा. किल्ली फिरवली की भरभर टिकटिक, फ्लोट चेंबर भरला की गप्प. मग अर्ध्या-एक मिनिटाने एखादी टिक आली तर चालेल. काहीच आवाज नसेल तर आतले पॉइंट काळे झालेत. पान्याच्या दांड्याने हलकी टिचकी मारा, चालू झाला तर निदान पक्कं, पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ करा. थांबायचं नावच घेत नसेल आणि पेट्रोलही येत नसेल, तर टाकीकडच्या बाजूने हवा ओढतोय. थांबत नाही पण कार्ब्युरेटर ओला होतोय, तर नीडल गळतेय, आणि तिथे काडी पेटवून बघणारे महाभाग असतात म्हणून सांगतो, टॉर्च वापरा.

पडदा बदललात तर तो बसवायची रीत अशी: पडदा पूर्ण आत फिरवा, इतका की दाबल्यावर पॉइंट उडत नाहीत. मग थोडा-थोडा उलटा फिरवत दाबत राहा, जिथे पॉइंट नुकतेच उडू लागतात तिथे थांबा, आणि तिथून आणखी चार भोकं मागे. सहा भोकांचा एक फेरा, म्हणजे दोन-तृतीयांश फेरा.

कार्ब्युरेटर: वरची टोपी काढून डॅशपॉटमध्ये पातळ ऑइल भरा, ते नसेल तर २०डब्ल्यू-५० चालेल. पिस्टन बोटाने वर उचला आणि सोडा. तो खाली येताना 'टक' असा स्पष्ट आवाज यायला हवा. मऊ बसला तर जेट मधोमध नाही. मिश्रणाची सुरुवात जेटचा नट पूर्ण वर घेऊन तिथून १२ पैलू, म्हणजे दोन फेरे खाली. ई-२० वर मिश्रण पातळ होतं, म्हणून आणखी एक-दोन पैलू खाली लागतील. गरम इंजिनावर पिस्टन नखभर उचला. आवाज क्षणभर वाढून परत जागेवर आला तर बरोबर. वाढून वाढलेलाच राहिला तर मिश्रण घट्ट, म्हणजे पेट्रोल जास्त. दम सोडला तर पातळ.

फोंडा_९४८

सगळ्यांचे आभार. दोन आठवड्यांचा हिशोब देतो. नवव्या दिवशी इंजिन सुटलं, आता हँडलने मोकळं फिरतं, चारही सिलिंडर दाब धरतात. तिसरा वॉल्व्ह अडकला होता, तुम्ही म्हणालात तसे स्क्रू सैल होते म्हणून पुशरॉड वाचला.

क्रॉसमेंबर टणटणीत निघाला. डाव्या बाजूचा मधला पत्रा नाहीच.

दोन गोष्टींवर अडलोय. ब्रेकचा मास्टर सिलिंडर (पेडलने दाबला जाणारा मुख्य सिलिंडर) पायाखालच्या चॅसिस लेगमध्ये आहे, त्याचे दोन लांब बोल्ट सुटले पण बाहेर येत नाहीत, टॉर्शन बारला जाऊन टेकतात. आणि पुढचं उजवं चाक वर-खाली धरून हलवलं तर खटखटतं.

अर्धा_इंची

बोल्ट टेकणारच. ही गाडी जोडताना आधी मास्टर सिलिंडर बसवला आणि नंतर टॉर्शन बार, उतरवताना कोण रडेल याचा विचार केला नाही. बोल्ट कापू नका. त्या बाजूचं चाक काढा, खालच्या आर्मखाली जॅक घेऊन भार द्या, वरचा जोड शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या आर्मपासून सोडवा आणि जॅक अगदी सावकाश खाली घ्या. बारचा पीळ उतरतो. त्याआधी बारच्या दोन्ही टोकांना आणि त्याच्या खाचांना पंचने खूण करा. एक खाच चुकली तरी गाडी एका बाजूला झुकते. मग बार बाजूला सरकवून बोल्ट येतात. परत बसवताना जागा मिळत असेल तर ते दोन बोल्ट उलट्या दिशेने घाला, पुढच्या वेळी बार हलवावा लागणार नाही.

सिलिंडर उघडल्यावर आतून बोट फिरवा. गंजाचे खड्डे लागले तर नुसती किट टाकून उपयोग नाही, नवी रबरं महिनाभरात फाटतील. लेथवर स्टेनलेस किंवा पितळी स्लीव्ह मारून घ्या, नाहीतर नवा मागवा. चाकांचे सिलिंडर एकूण सहा आहेत, पुढे प्रत्येक चाकाला दोन आणि मागे एकेक. सगळे एकदमच करा. ब्रेकची लाइन एकच आहे, एक सिलिंडर फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. स्टीलच्या नळ्या काढून ३/१६ इंची तांबे-निकेलच्या घाला. आपल्या खाऱ्या हवेत स्टील टिकत नाही. ऑइल डॉट-४, साधारण अर्धा लिटर, बाटली नवी फोडलेली. पावसाळ्यात उघडी राहिलेली बाटली हवेतलं पाणी पिऊन बसते. हवा काढायची सुरुवात सगळ्यात लांबच्या चाकापासून, उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागचं डावं. ब्रेक लावायचे स्क्रू ड्रमच्या भोकातून दिसतात, पुढच्या चाकाला दोन, मागच्याला एक. घड्याळाच्या दिशेने चाक अडेपर्यंत, मग एक खट मागे.

आता ती खटखट. मायनरचा किंगपिन म्हणजे साधी कांब नाही. त्याच्या वरच्या आणि खालच्या टोकाला आटे आहेत आणि तो ट्रनियनमध्ये (आतून आटे असलेल्या जोडात) स्क्रूसारखा फिरतो. ग्रीस नसलं की आटे झिजून चाकूच्या पात्यासारखे धारदार होतात आणि एक दिवस, बहुतेक वेळा रिव्हर्समध्ये किंवा कमी वेगात वळताना, ट्रनियन आट्यांवरून निसटतो. चाक मडगार्डखाली दुमडतं. म्हणून 'ग्रीस मारलं की झालं' हे खरं नाही, झिजलेले आटे ग्रीसने भरून येत नाहीत.

ब्रेक झाल्यावर हीच तपासणी पुन्हा करा. कोणाला तरी पेडल दाबून धरायला सांगा आणि चाक वर-खाली हलवा. खटखट थांबली तर ती चाकाच्या बेअरिंगची, ते घट्ट करता येतं. तशीच राहिली तर किंगपिन आणि दोन्ही ट्रनियन बदलायचे, तेही दोन्ही बाजूंचे. डाव्या-उजव्या बाजूचे आटे वेगळे आहेत, मागवताना बाजू लिहा. नंतर दर १,५०० किलोमीटरला, आणि पावसाळ्याआधी व नंतर, लिथियम ग्रीस. ग्रीस मारताना ते चाक जमिनीवरून उचललेलं हवं. भाराखाली असताना मारलं तर दाबलेल्या बाजूला ते जातच नाही, निपलभोवती बाहेर येतं आणि काम झाल्यासारखं वाटतं.

पार्ट मिळण्याबद्दल: अँबॅसिडरचं इंजिन १४८९ सीसीचं, वेगळ्या घराण्यातलं, त्याचं काही इथे बसत नाही. इंजिन-सस्पेन्शनचे पार्ट इंग्लंडमध्ये नवे बनतात, ते मागवावेच लागतात. टायरचा प्रश्न मात्र सुटतो. प्रीमियर पद्मिनीचा ५.२०-१४ या गाडीला चालतो.

वास्को_वायरमन

बॅटरी आणाल तेव्हा आधी हे वाचा. या गाडीत पॉझिटिव्ह अर्थ आहे. बॅटरीचा प्लस बॉडीला, मायनस सेलकडे. शेजाऱ्याच्या गाडीने जंप देताना सवयीने मायनस बॉडीला लावला की डायनमोचं चुंबकत्व उलटतं आणि कटआउट (डायनमो बॅटरीला जोडणारा-तोडणारा स्विच) जळतो.

उंदरांनी खाल्लेलं वायरिंग जोडत बसू नका, पूर्ण हार्नेस नवा घाला. मूळ गाडीत फ्यूज फक्त दोन आहेत, आणि हेडलाइट तर फ्यूजवर नाहीतच. हेडलाइटसाठी दोन रिले आणि १० अँपिअरचे दोन फ्यूज लपवून बसवा. त्याने मूळपणाला काही धक्का लागत नाही, गाडी मात्र पेटत नाही. डायनमोची ताकद २० अँपिअरच्या आसपास. दोन हेडलाइट ७-८ खातात. त्यामुळे पंखा, मोठी म्युझिक सिस्टीम असले लाड नकोत.

सीबी (कॉन्टॅक्ट ब्रेकर) पॉइंटची फट ०.३८ मिमी, प्लगची ०.६४ मिमी, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. चालू होता होता इंजिन मागे उसळलं तर आधी प्लगच्या वायरी मोजा. दोन आणि तीन अदलाबदल झालेल्या असतात, दहात आठ वेळा.

एसयू_टिकटिक

@वास्को_वायरमन, निगेटिव्ह अर्थ करून अल्टरनेटर का नाही सुचवत? सगळे करतात.

वास्को_वायरमन

करता येतं. बॅटरीच्या केबल उलट्या, कॉइलच्या दोन वायरी उलट्या, डायनमो ठेवणार असाल तर त्याच्या फील्डला क्षणभर नवी प्लस देऊन चुंबकत्व फिरवायचं. पण यांना जुन्या गाडीच्या नोंदणीकडे जायचं आहे, तिथे अल्टरनेटर उगाच प्रश्न ओढवून घेईल. रात्रीचा रोजचा प्रवास नसेल तर डायनमो पुरतो.

पणजी_कागदपत्र

नोंदणीपुरतं बोलतो. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल होऊन ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आली. १९६० ची गाडी त्यात बसते. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंतर ५,००० मध्ये नूतनीकरण. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. आणि ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच.

तुम्हाला रविवारी मंगेशीला जाऊन यायचं असेल तर व्हीए घेऊ नका. जुन्या नंबरावरच फिटनेस करून पाच वर्षांचं नूतनीकरण मागा. आधी वाहतूक खात्यात जाऊन त्या नंबराची नोंद संगणकावर चढली आहे का ते बघा. जुन्या रजिस्टरातल्या बऱ्याच गाड्या चढलेल्या नसतात आणि मग अर्ज पुढेच सरकत नाही. आरसी बुक लॅमिनेट करू नका. बोनेटखालची पट्टी आणि इंजिन नंबर रंगाखाली जाऊ देऊ नका, पेंटरला आधीच टेप लावून द्या.

पत्रेवाला_म्हापसा

एक राहिलं. रंग झाल्यावर मे महिन्यात, पहिल्या सरीच्या आधी, दाराखालच्या खोक्यांत, चॅसिस लेगमध्ये आणि दारांच्या आत कॅव्हिटी वॅक्स मारा. तीन-चार लिटर लागेल. डबा तासभर उन्हात ठेवा, पातळ झालं की सांध्यांत शिरतं. जळकं इंजिन ऑइल फवारणारे आहेत, तसं करू नका, पाट्यांचे आणि सस्पेन्शनचे रबरी बुश फुगून सुटतात. वॅक्सच्या आधी दाराच्या तळाची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा आणि वॅक्स सुकल्यावर पुन्हा एकदा, कारण तेच ती बुजवतं.

शेडमध्ये ताडपत्री गाडीवर टाकू नका. दिवसा खालची ओल वर चढते, रात्री ताडपत्रीच्या आतल्या बाजूला पाणी धरतं आणि टपावर ठिबकतं. सुती चादर घाला. जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरून वर चिऱ्यांचा एक थर टाका, काचा बोटभर खाली ठेवा, हँडब्रेक सोडून चाकाला लाकडाचा ठोकळा लावा. तुमचं मागचं डावं चाक ज्यामुळे धरलं होतं ते हेच, पंधरा वर्षं ओढून ठेवलेला हँडब्रेक.